तीन रिकामे चौकोन

डंजन मास्टर हा संगणकावरचा खेळ सुरू केला की सगळ्यांत आधी आरशांचं दालन लागतं. भिंतींवर चोवीस आरसे आणि प्रत्येकात एक चेहरा. या भुयारात आपल्याआधी उतरलेल्या आणि परत न आलेल्या वीरांचे हे चेहरे. त्यांतल्या कुणालाही जिवंत करून सोबत घेता येतं, जास्तीत जास्त चौघांना. मी वर्षानुवर्षं चौघांनाच घेत आलो. चाराच्या आत थांबता येतं हे कधी मनातही आलं नव्हतं. मग एका पावसाळ्यात मी एकच आरसा उघडला, हिस्स्सा नावाच्या सरडातोंड्या लढवय्याचा, आणि खाली जाणाऱ्या दरवाजाकडे वळलो. दरवाजा उघडला. बाकीचे कुठे आहेत असं खेळाने विचारलं नाही. पण पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे चौघांची नावं, हात आणि जिवाच्या पट्ट्या शेजारीशेजारी असतात, तिथे तीन चौकोन रिकामे राहिले. खेळ संपेपर्यंत ते तसेच होते. त्या दिवसांत मी हिस्स्साइतकंच त्या तीन चौकोनांकडे पाहत होतो.

खेळणाऱ्यांच्या बोलीत याला 'सोलो' म्हणतात. चौघांसाठी किंवा सहा जणांसाठी रचलेला जुना भुयारी खेळ एकाच पात्राने खेळायचा. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो, किंवा शौर्याचं प्रदर्शन. मला ती वाचनाची एक रीत वाटते. घरात सगळी माणसं जागेवर असतात तेव्हा कोण कशाचा भार उचलतंय ते दिसत नाही. एकेक जण उठून गेला की कळायला लागतं. खेळाचंही तसंच आहे. त्यातली माणसं काढून घेतली की प्रत्येक जण कशासाठी होता ते उघडं पडतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी माणसाबद्दल काय गृहीत धरलं होतं तेही उघडं पडतं. माझ्यापुरते दोन खेळ या बाबतीत पुरेसे आहेत. १९८१ चा विझर्ड्री आणि १९८७ चा डंजन मास्टर.

आधी मुळात चमू आला कुठून ते पाहू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आला, तेव्हा चमू म्हणजे टेबलाभोवती बसलेली हाडामांसाची माणसं होती. एक जण योद्धा, एक जण पुरोहित, एक जण जादूगार. पुढे इलिनॉय विद्यापीठात वाढलेल्या प्लेटो या संगणक-व्यवस्थेवर १९७७ मध्ये ऊब्लिएट नावाचा खेळ आला. त्यातही वेगवेगळ्या टर्मिनलांवर बसलेली खरी माणसं टोळी करून भुयारात उतरत, कारण एकट्याचा तिथे निभाव लागणं कठीण होतं. विझर्ड्री लिहिणारे अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड कॉर्नेल विद्यापीठातले. त्यांनी खेळ रचला तो अ‍ॅपल टू या घरगुती संगणकासाठी, आणि त्या संगणकासमोर एका वेळी एकच माणूस बसणार होता. बाकीच्या पाच जणांचं काय करायचं? त्यांनी सहाही पात्रं त्या एकाच्या हाती दिली.

या एका निर्णयाकडे फारसं कुणी थांबून पाहत नाही. टेबलाभोवतीचे मित्र गेले आणि त्यांच्या जागा मात्र खेळात तशाच राहिल्या. पुढे बार्ड्स टेल आला, माइट अँड मॅजिक आला, आणि एकाने सहा जण चालवणं ही जणू निसर्गाचीच रीत ठरली. खेळाडू होता तो मुकादम झाला. सहा जणांना कामं वाटून द्यायची, कुणाला पुढे ठेवायचं, कुणाला मागे, कोण जखमी आहे, कुणाची जादू उरली आहे याचा हिशेब ठेवायचा. यात मजा आहे, मी ती भरपूर अनुभवली आहे. पण ती मजा मुकादमीची आहे. अंधारात पाऊल टाकताना पोटात जो गोळा येतो, तो मुकादमाला येत नाही.

आमच्याकडे हे उलट्या बाजूने घडलं. डंजन मास्टरची पीसीवरची आवृत्ती १९९२ ची. ती आम्हा चौघा मित्रांपर्यंत पोचली ती फ्लॉपीवरून, पुस्तिकेशिवाय. संगणक एकाच्या घरी. म्हणून आम्ही आपसूकच प्रत्येकी एक वीर वाटून घेतला. माऊस एकाच्याच हातात असायचा, पण 'आता माझी फेक', 'माझ्या माणसाला पाणी दे' असं बाकीचे ओरडत असायचे. जे मित्र विझर्ड्रीने खेळातून काढून टाकले होते, ते आम्ही नकळत परत आणून बसवले होते. हिस्स्सा माझा होता.

आता विझर्ड्री. वीस बाय वीस घरांचे दहा मजले. तळाशी वर्डना नावाचा जादूगार, वर ट्रेबर नावाचा राजा. ही दोन्ही नावं म्हणजे अँड्र्यू आणि रॉबर्ट उलटे लिहिलेले. सहा जणांच्या रांगेत पुढचे तिघे तलवार चालवतात आणि वार झेलतात. मागचे तिघे जादू करतात, जखमा भरतात, पेट्या उघडतात. योद्ध्याला मंत्र येत नाही, जादूगाराला चिलखत चालत नाही, चोराशिवाय पेटीला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्या जुन्या गावगाड्यात जसं प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, तशीच ही रचना आहे. धंदा बदलता येतो, पण त्याला दंड आहे. कमावलेलं बळ आणि बुद्धी वंशाच्या किमान आकड्यावर घसरते, वय काही वर्षांनी वाढतं, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

अशा खेळात एकट्याने उतरलं की पहिला धक्का सुखद असतो. लढाई संपल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण जिवंत असलेल्यांत समान वाटले जातात. वाटेकरी नसले की सगळं एकालाच. म्हणजे सहा जणांच्या टोळीतला माणूस जी पायरी सहा लढायांनी चढतो, ती एकटा एका लढाईत चढतो. सुरुवातीच्या दोनचार लढायांत निभावला तर तो भराभर वाढतो. धंदे बदलण्याचा दंड सोसून तो जादूगाराचे एकवीस आणि पुरोहिताचे एकोणतीस, असे पन्नासच्या पन्नास मंत्र शिकू शकतो आणि शेवटी तलवारही उचलू शकतो, कारण शिकलेला मंत्र विसरला जात नाही. कागदावर हिशेब मांडला तर सहा जणांचं सगळं कसब एका देहात मावतं. मग बाकीचे पाच कशाला होते?

याचं उत्तर लकव्याने मिळतं. विझर्ड्रीत काही राक्षसांच्या स्पर्शाने लकवा होतो, काही पेट्यांच्या सापळ्यानेही होतो. सहा जणांत ही किरकोळ गोष्ट आहे. पुरोहित डायाल्को हा मंत्र म्हणतो, माणूस उठतो, टोळी पुढे जाते. एकट्याला लकवा झाला की खेळ तिथेच संपतो. जिवाची पट्टी भरलेली असो, अंगात पन्नास मंत्र असोत, काही उपयोग नाही. उभा राहू शकेल असा कुणी उरला नाही, म्हणजे टोळी मेली असं खेळ धरतो. डायाल्को त्याला येतो. पण ज्याला मंत्र येतो त्याचीच जीभ लुळी पडली आहे. विझर्ड्रीतला लकवा आपणहून उतरत नाही. दुसऱ्या कुणीतरी उतरवावा लागतो.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी चिडलो. दुसऱ्यांदा घडलं तेव्हा मात्र थांबून विचार केला. बळ एकट्याला कमावता येत होतं, विद्या येत होती, पैसा तर येतच होता. एकच गोष्ट येत नव्हती, स्वतः पडल्यावर स्वतःला उचलणं. म्हणजे विझर्ड्रीतले सहा जण सहापट ताकदीसाठी नव्हतेच. आपण निश्चल असू त्या क्षणी कुणीतरी जागं असावं, एवढ्यासाठी ते होते. सहा जणांनी खेळताना मला वाटायचं की पुरोहित म्हणजे औषधांची पेटी. तो खरं तर पहारेकरी होता. हे मला तो नसतानाच कळलं.

एकट्याने व्यूहात शिरण्याचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमन्यूचं नाव येतंच. पण त्याचं उदाहरण मला नेहमी उलटं वापरलेलं दिसतं. अभिमन्यू एकट्याने लढायला निघालाच नव्हता. तेराव्या दिवशीचा बेत चमूचा होता. व्यूह त्याने फोडायचा, मागोमाग पांडवांनी आत घुसायचं, बाहेर काढायची जबाबदारी त्यांची. जयद्रथाने तोंडाशीच चौघांना अडवलं आणि बेताचा सांधा तुटला. त्याला आत शिरायचं ठाऊक होतं, बाहेर पडायचं नव्हतं, हा त्याचा उणेपणा म्हणून सांगतात. चमूच्या हिशेबात तो उणेपणा नव्हताच, ते काम दुसऱ्याकडे होतं. कामं वाटून घेणाऱ्या प्रत्येक रचनेला हा धोका असतो. प्रत्येक जण आपल्या कामापुरता पूर्ण असतो आणि साखळी तुटली की अपुरा ठरतो. विझर्ड्रीचे वर्गही असेच आहेत, आणि म्हणून त्यात एकट्याने उतरणारा माणूस अभिमन्यूच्या जागी मुद्दाम जाऊन उभा राहतो. मागून कुणी येणार नाही हे ठाऊक असताना.

विझर्ड्रीत आणखी एक गोष्ट सोलोमुळे मला खुपायला लागली. नवं पात्र जन्माला येतं तेव्हा त्याच्या खिशात थोडी सोन्याची नाणी असतात. म्हणून आम्ही सगळेच एक युक्ती करायचो. गरज नसलेली पात्रं निर्माण करायची, त्यांची नाणी काढून मुख्य माणसांना द्यायची आणि त्यांना पुसून टाकायचं. तसंच पुढच्या रांगेत नवशिक्यांना उभं करायचं आणि मेले तर खानावळीतून नवे उचलायचे. यात काही वाईट आहे असं कधी वाटलं नाही. सहा जण असले की त्यांतला कुणीच पूर्ण माणूस राहत नाही. एक ढाल होतो, एक थैली होतो, एक कुलपाची किल्ली होतो. एकटा उतरलेला मात्र कुणाला खर्ची घालणार? त्याच्यापुढे ढाल नाही आणि तोही कुणाची ढाल नाही. जे गमवायचं ते त्याने स्वतःचं गमवायचं.

डंजन मास्टर आला तो अटारी एसटीवर, १९८७ च्या शेवटी, कॅलिफोर्नियातल्या एफटीएल गेम्सकडून. त्याची मूळ पुस्तिका मी फार उशिरा वाचली आणि वाचून चकित झालो. तिच्यातल्या गोष्टीत आपण थेरॉन असतो, करड्या प्रभूचा शिष्य. एका स्फोटात त्याचा देह नाहीसा झालेला आहे. त्याला काही उचलता येत नाही, कशाला स्पर्श करता येत नाही, म्हणून त्याला आरशातले वीर लागतात. माझ्या माहितीत ही एकच गोष्ट अशी आहे जी खेळाडूची मुकादमी इतक्या प्रामाणिकपणे सांगते. तुला शरीर नाही, म्हणून तू दुसऱ्यांची शरीरं वापरतोस. चार जण घेतले तर थेरॉन चौघांवर विखुरलेला राहतो. एकच घेतला तर त्याला एक देह मिळतो. मला सोलोचं याहून चांगलं वर्णन सुचत नाही.

आणि या देहाला शिकता येतं. डंजन मास्टरमध्ये योद्धा, निन्जा, पुरोहित आणि जादूगार अशी चार कसबं आहेत, पण ती कुणाच्या जन्माला चिकटलेली नाहीत. तलवार चालवली की योद्ध्याचं कसब वाढतं, वस्तू फेकली की निन्जाचं, औषध केलं की पुरोहिताचं, अग्निगोळा फेकला की जादूगाराचं. पायऱ्यांची नावंही कारागिरांच्या पेठेतली आहेत: शिकाऊ, उमेदवार, कसबी, आणि वर चढत चढत उस्ताद. ज्याने काम केलं त्याला त्याचं श्रेय, वाटणी नाही. हिस्स्सा मूळचा हाणामारी करणारा, जादू जेमतेम. पण मागे उभा राहून मंत्र म्हणणारा कुणी नव्हता, म्हणून त्यालाच म्हणावे लागले. सुरुवातीला दहांतले आठ फसायचे. काही मजल्यांनंतर तो स्वतःच्या जखमांवर स्वतः औषध करत होता. विझर्ड्रीत न जमणारी गोष्ट इथे जमते. विष चढलं तर उतारा स्वतःच करून पिता येतो, फक्त हातात रिकामी बाटली हवी.

इथे खेळ थांबून वाट पाहत नाही. राक्षस चालून येत असतानाच मंत्राची अक्षरं एकेक करून लावायची असतात. चौघांत पुढचे दोघे झुंजत असतात, मागचा निवांत अक्षरं लावतो. एकट्याला ती उसंत नाही. म्हणून मी अक्षरं आधीच लावून ठेवायला शिकलो. अग्निगोळ्यासाठी ताकदीचं अक्षर, मग फुल, मग इर, आणि शेवटची फेक तेवढी हातात राखून कोपऱ्यावर उभं राहायचं. दारं वापरायला शिकलो. डंजन मास्टरमधलं वरून खाली येणारं दार खाली उभ्या राक्षसाच्या डोक्यावर आदळतं आणि त्याला इजा करतं. चौघांसोबत असताना मी ते क्वचितच केलं, गरजच पडत नव्हती. आता दाराचं बटण हे माझं दुसरं शस्त्र झालं. भिंतीत कुठे खाच आहे, कुठे दोन बाय दोनची मोकळी जागा आहे जिथे राक्षसाच्या भोवती बाजूबाजूने सरकत वार करता येतील, हे बघूनच मी पाऊल टाकू लागलो. टोळीचा वेग तिच्यातल्या सगळ्यांत मंद माणसाइतका असतो, त्यामुळे ओझं हलकं ठेवलं तर एकटा झरझर पळू शकतो. एक तोंड असल्याने अन्न पुरतं, किंचाळ्या बुरशीचे तुकडे उरतातसुद्धा. मात्र गिग्लर नावाचा चोर हातातली तलवार हिसकावून पळाला की दुसऱ्याच्या हातातली तलवार नसते. त्याच्यामागे रिकाम्या हातांनी धावावं लागतं.

या सगळ्याने भुयार मोठं झालं. चौघांसोबत मी ते ओलांडून गेलो होतो. एकट्याने मी त्यात राहिलो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे डंजन मास्टरही मदत करू शकत नाही. मजल्यांवर अधूनमधून वी नावाची वेदी लागते. मेलेल्या सोबत्याची हाडं तिच्यात ठेवली की तो उठून उभा राहतो. चौघांत असताना तिच्याकडे आम्ही किती धावलो आहोत, हाडं कुणी उचलायची यावरून किती भांडलो आहोत. एकटा असताना मी तिच्यासमोरून जातो आणि ती माझ्या काहीच कामाची नसते, कारण माझी हाडं इथवर आणणारा कुणी नाही. करून करून माणसाला सगळं येतं असं हा खेळ मानतो, आणि माझाही त्यावर विश्वास बसला आहे. तरी विझर्ड्रीतल्या लकव्याने जे दाखवलं तेच इथे वेदी दाखवते. फरक एवढाच की विझर्ड्रीत ही मर्यादा वाटेत कुठेही, कुठल्याही पेटीत दबा धरून असते. इथे ती फक्त मरणापाशी आहे. दोन खेळांनी माणसाबद्दल केलेल्या विधानांत मला दुसरं अधिक खरं वाटतं.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की एकट्यानेच खेळायचं तर एकट्यासाठीच रचलेले खेळ आहेत. आहेतच. १९८० च्या सुमाराचा 'रोग' हा खेळ घ्या, किंवा जपानमध्ये १९८६ साली आलेला पहिला ड्रॅगन क्वेस्ट, ज्यात विझर्ड्रीचा प्रभाव असूनही नायक एकच आहे. दोन्ही मला प्रिय आहेत. पण त्यांच्यात एकटेपणा नाही, फक्त एक माणूस आहे. तिथे कुणी असायला हवं होतं आणि नाही, असं काही नसतं. चमूच्या खेळात रिकामी जागा दिसते. विझर्ड्रीच्या यादीत पाच ओळी कोऱ्या राहतात, डंजन मास्टरच्या माथ्यावर तीन चौकोन. त्या कोऱ्या ओळींशीच खरा खेळ चालतो. असं खेळणं कर्त्यांच्या हेतूविरुद्ध आहे असंही म्हणतात. पण चमूच्या या दोन्ही खेळांत एकट्याला आत सोडायचं नाही अशी अट घालणं सोपं होतं, ती कुणीही घातली नाही. २०१२ साली फिनलंडमधल्या ऑलमोस्ट ह्यूमनने याच परंपरेतला लेजंड ऑफ ग्रिमरॉक काढला. त्यात चार कैदी आपल्याआधी त्या तुरुंगात आलेल्या टूरम नावाच्या माणसाच्या चिठ्ठ्या वाचत उतरतात, आणि टूरम हेच नाव पात्राला दिलं की एकट्यानेच खेळण्याची लपवलेली वाट उघडते. त्या लोकांना हे आकर्षण नेमकं ठाऊक होतं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. सोलो खेळणारे पुष्कळ जण पहिल्याच मजल्यावर भिंतीवर दगड फेकत बसतात, हवेत तलवार फिरवत बसतात, कारण त्यानेही कसबाचे थोडे गुण मिळतात. तासन्‌तास असं करून फुगलेला माणूस खाली न्यायचा आणि एकट्याने जिंकलो म्हणायचं. यात मला काही अर्थ दिसत नाही. गरजेने शिकलेलं कसब आणि भिंतीसमोर साठवलेलं कसब पडद्यावर एकाच नावाने दिसतं, पण पहिल्याने भुयार कळतं आणि दुसऱ्याने ते कळायचं टळतं. मी स्वतःला दोन नियम घातले होते. समोर शत्रू नसताना सराव नाही, आणि खेळ साठवायचा तो फक्त जिन्यापाशी. दुसरा नियम तीनदा मोडावासा वाटला. एकदा मोडला.

डंजन मास्टरची शेवटची लढाई काठीने होते. केऑस या शेवटच्या शत्रूच्या भोवती प्रवाहाचे पिंजरे उभे करायचे आणि त्याला कोंडून विलीन करायचं. ही दोन्ही कामं करणारी अग्निकाठी एकच आहे आणि ती एका वेळी एकाच हातात मावते. म्हणजे चौघांनी खेळलात तरी ते अखेरचं काम एकानेच करायचं असतं, बाकीचे तिघे बघत राहतात. आमच्या वेळी ती काठी माझ्या हातात नव्हती. ती वूफच्या हातात होती. वूफ हा लहानखुरा, कुत्र्यासारख्या तोंडाचा, आणि तो आमच्यातल्या ज्याचा होता तो मित्र अख्ख्या खेळात सगळ्यांत कमी बोलायचा. त्याच्या वूफने आम्हाला किती वेळा औषध पाजलं असेल याची कुणी मोजदाद ठेवली नाही. सगळ्यांना वाटायचं की वूफ काही करतच नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी वूफचा आरसा उघडणार आहे, एकट्याचाच.